कांद्याला चाळ हवेशीर, माणसाला मात्र भट्टी



आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातला शेतकरी कांद्याची चाळ बांधायला निघाला, की आधी चार जाणत्यांना विचारतो. वारा कुठून येतो, चाळीची लांबी कोणत्या दिशेला धरायची, तळ जमिनीपासून किती उचलायचा, वर पत्रा घालायचा की कौले? राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथे जाऊन चाळीचा नकाशा पाहून येणारेही पुष्कळ आहेत. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर धरावी, दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम धरावी, तळ दीड-दोन फूट उचलून खालून हवा खेळू द्यावी, लोखंडी पत्रा लवकर तापतो म्हणून शक्यतो कौले घालावीत, पाखा भिंतीच्या चांगला पुढे काढावा, हे सगळे आता घरातल्या पोरांनासुद्धा पाठ झाले आहे. का? तर कांदा सडला की नुकसान लगेच काट्यावर दिसते.

त्याच शेतकऱ्याच्या हाती दोन हंगामांचे बरे पैसे आले आणि त्याने घर काढले, तर तो काय विचारतो? स्लॅब किती इंची घालू, पुढे काच कोणती लावू, रंग कोणता देऊ. वारा, ऊन, पाणी यांतले एकही नाव निघत नाही. कांद्याला जे कळते ते आपल्याला कळत नाही असे थोडेच आहे? पण म्हाताऱ्या आईची झोप मोडली तर ती काही काट्यावर चढत नाही.

गेल्या तीस वर्षांच्या फिरतीत मी या दोन तालुक्यांत मातीच्या घरांची जागा स्लॅबच्या घरांनी घेताना पाहिली. त्यात वाईट काही नाही. दर पावसाळ्याआधी कौले चाळायची, दर सणाला भिंती सारवायच्या, उंदीर-घुशींशी भांडायचे, हे बायकांनीच पिढ्यान्‌पिढ्या केले आहे आणि त्यातून त्यांना सुटका हवी होती. मी जुन्या घराची आरती ओवाळायला हा लेख लिहीत नाही. पण पक्के घर म्हणजे तापणारे घरच असले पाहिजे, असे कोणी सांगितले?

शहरात याच विषयाला 'हरित इमारत' म्हणतात. हैदराबादेत उद्योगपतींच्या महासंघाने बांधलेल्या अशाच एका इमारतीला २००३ मध्ये अमेरिकन पद्धतीचे सर्वांत वरचे मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर ते मिळवणारी ती पहिली इमारत. पुढे २००७ मध्ये आपल्या देशाची स्वतःची 'गृह' नावाची मानांकन पद्धत आली. ही प्रमाणपत्रे मोठ्या इमारतींना लखलाभ. आपल्याला प्रमाणपत्र टांगायचे नाही. आपल्याला मे महिन्यात दुपारी घरात बसता आले पाहिजे, विजेचे बिल आटोक्यात राहिले पाहिजे आणि घर पुरते पन्नास वर्षे उभे राहिले पाहिजे. गंमत म्हणजे त्या इमारतींमागचे निम्मे शास्त्र कांद्याच्या चाळीत आहे.

ऊन कुठून येते?

आपला भाग साधारण एकोणीस अक्षांशावर येतो. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, काठी उभी केली तर सावली पायाशीच पडते. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन खाते ते छप्पर. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची भिंत आणि दुपारनंतर पश्चिमेची. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसे ऊन लागत नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात दुपारी तो जेमतेम अर्ध्या आभाळावर असतो आणि दक्षिणेच्या दारा-खिडक्यांतून थेट आत येतो. तेव्हा ते ऊन आपल्याला हवेच असते.

यावरून घराची आखणी आपोआप ठरते. घराची लांबी पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे आखूड भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला येतील व तापणारे क्षेत्र कमी होईल. दुपाखी चाळीचाच हा नियम. दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा पाखा किंवा सज्जा पुढे काढला, तर एप्रिलमध्ये भर दुपारी ती सगळी भिंत सावलीत राहते. डिसेंबरात मात्र त्याच सज्ज्याची सावली भिंतीवर दोन-सव्वादोन फूटच उतरते, खालच्या खिडकीतून ऊन घरात येते. खर्च एकदाच, फायदा दोन्ही ऋतूंत.

कोणी म्हणेल, दक्षिणेला तोंड करणे अशुभ. बरे, मुख्य दार तुम्हांला हवे त्या दिशेला ठेवा, त्यावर माझा वाद नाही. पण खिडक्या आणि पडवी यांना शुभाशुभ लावू नका. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला आपण सगळेच जातो. तो डोंगरातल्या सातव्या लेण्यात बसला आहे आणि तिथली लेणी दक्षिणेला तोंड करून कोरलेली आहेत. पुढे खांबांची ओसरी, मागे एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप, आणि उजेड येतो तो दारा-खिडक्यांतूनच. बाहेर रण तापलेले असताना आत गारवा असतो, कारण ओसरी ऊन अडवते आणि मागचा डोंगर दिवसभर तापूनही पुरता तापत नाही. कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी दिशा काही उगीच निवडली नसेल.

वास्तुशास्त्रातली एक गोष्ट मला मात्र पटते. स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवावे म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. तेव्हा चूल आग्नेयेला असली की धूर आणि उष्णता घरात न शिरता बाहेर जाते. गोठ्यालाही हाच विचार लावा. तो घराच्या पूर्वेला असला तर वास आणि माश्या माजघरात येत नाहीत.

रात्री अकराला तापलेली खोली

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात एका बागायतदाराच्या नव्या बंगल्यावर गेलो होतो. मोठा दिवाणखाना, सोफा, दोन कूलर. म्हातारी दिसेना. विचारले तर ती मागच्या जुन्या पडवीत, कौलाखाली खाट टाकून बसलेली. म्हटले, "आजी, एवढा बंगला सोडून इथे?" म्हणाली, "सायेब, त्या बंगल्यात तव्यावर बसल्यावाणी व्हतंय. दिवस बुडाला तरी वरनं आग येती. हितं गार वाटतं." मुलगा जरा ओशाळला.

पण आजीचे निरीक्षण नेमके होते. पत्रा, स्लॅब आणि मातीची भिंत यांचे तापणे वेगवेगळे असते. पत्रा क्षणात तापतो आणि दिवस मावळला की तासाभरात निवतो. चार-पाच इंची स्लॅबमधून ऊब खाली उतरायला दोन-तीन तास लागतात. दिवसभर साठलेली ती ऊब संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सुटत राहते. म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. दीड हाताची मातीची किंवा दगडमातीची भिंत असेल, तर बाहेरची ऊब आत पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर गारवा आलेला असतो. वर पंखा लावला तर काय होते? तापलेल्या छताखालची तीच गरम हवा तो आपल्या अंगावर ढकलतो.

ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे, त्यांनी निराश होऊ नये. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणे. चांगला चुना रात्रभर भिजवावा, गाळून घ्यावा, त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि धरून राहण्यासाठी डिंक किंवा बाजारातला चिकट पदार्थ मिसळावा आणि घासून धुतलेल्या गच्चीवर दोन-तीन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवतो. खोलीतल्या तापमानात दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो आणि पाय ठेवल्यावर गच्चीचा फरक तर कोणालाही कळतो. पावसात चुना धुपतो, म्हणून हे काम दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. गच्ची गळत असेल तर आधी गळती काढा, चुना हा गळतीवरचा उपाय नव्हे. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये अशा थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवले तर एकदाच खर्च होतो आणि ते वर्षानुवर्षे टिकतात.

पश्चिमेच्या भिंतीचा बंदोबस्त मात्र हिरवा करा. भिंतीपासून दोन हात सोडून मांडव घाला, त्यावर तोंडली, दोडका, घेवडा चढवा. भिंतीवर ऊन नाही आणि घरात भाजी. पलीकडे बारा-पंधरा फुटांवर कडुनिंब, जांभूळ किंवा आंबा लावा. वड-पिंपळ घराजवळ नको, त्यांची मुळे जोत्यात शिरतात. मोरीचे पाणी गटारात सोडण्याऐवजी याच वेलांना, केळीला आणि अळूला फिरवा. भाजीपाल्याच्या परसबागेबद्दल पूर्वी अनेकदा लिहिले गेले आहे, म्हणून इथे ते लांबवत नाही.

खिडकी, झरोका आणि बिबट्या

उन्हाळ्यात घर गार ठेवण्याचा सोपा नियम असा की दिवसा अकरा ते पाच खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. लोक नेमके उलटे करतात. दुपारचा झळांचा वारा घरात घेतात आणि रात्री कड्या लावून झोपतात.

पण इथे एक अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगीच काढावे लागले नाही. अंगणात, ओट्यावर खाट टाकून झोपायचे दिवस गेले. मळ्यातल्या वस्तीवर तर दार-खिडकी उघडी टाकून झोपा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

म्हणून घर बांधतानाच वाऱ्याची वाट अशी ठेवा, की तिथून वारा येईल आणि जनावर येणार नाही. खिडकीला जाड गज, त्यांच्यामध्ये चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको, शिवाय आतून डासांची जाळी. समोरच्या भिंतीत छताच्या लगत फूटभर उंचीचे झरोके ठेवा, तेही गजाचे. गार हवा खालून येते, तापलेली हवा हलकी होऊन वरच्या झरोक्यातून निघून जाते. जुन्या घरांत आढ्याजवळ जे धुराडे असे, त्याचे काम हेच. हल्ली झरोके बुजवून टाकायची पद्धत पडली आहे, पाहुण्यांना ते जुनाट वाटतात म्हणे! झरोका बुजवायचा आणि मग पाच हजारांचा कूलर आणायचा, हा हिशोब मला कधी कळला नाही.

शेळ्यांच्या आणि वासरांच्या गोठ्यालाही भक्कम भिंतींचा अंधारा कोंडवाडा करू नका. तीन फुटांपर्यंत भिंत, त्यावर छपरापर्यंत मजबूत जाळी आणि वरूनही जाळी, म्हणजे हवाही राहते आणि रात्रीची धास्तीही राहत नाही. कोंदट गोठ्यात दूध कमी होते, हे गवळ्याला सांगायला नको.

एका तालुक्यात दोन हवामाने

घराचा एकच नकाशा सगळीकडे चालत नाही, हे या दोन तालुक्यांइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. भीमाशंकरच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला मंचर ओलांडून पुढे गेलो, की तोच पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. अंतर एका एस.टी.च्या तिकिटाचे. पूर्वेच्या पट्ट्यात शत्रू ऊन आहे, पश्चिमेला ओल.

पश्चिमेच्या डोंगरी गावांत महादेव कोळी समाजाची जुनी घरे पाहा. कारवीचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, छपराचा उतार तीव्र, वळचण इतकी खाली की वाकून आत जावे लागते. ती वळचण गरिबीची खूण नाही, ती झडीपासून भिंत राखण्याची युक्ती आहे. आता तिथे सपाट स्लॅबची घरे होत आहेत आणि दोन पावसाळ्यांत भिंतींवर बुरशी चढते. तिथे घर बांधायचे तर जोते दोन-अडीच फूट उंच घ्या, छप्पर उतरते ठेवा, पाखे तीन फूट पुढे काढा, पश्चिमेला खिडक्या कमी ठेवा. आणि स्लॅबच घालायचा असेल तर त्यावर कौलांचे किंवा पत्र्याचे उतरते छप्पर करा. मधल्या पोकळीत हवा खेळते, लाकूडफाटा आणि भाताचा पेंढाही कोरडा राहतो.

पण डोंगराच्या बाजूला सगळ्यांत आधीचा प्रश्न घर कसे बांधावे हा नाही, कुठे बांधावे हा आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर उतरला आणि १५१ माणसे गेली. त्याबद्दल लिहिताना आजही हात जड होतो. मुसळधार पाऊस हे कारण खरेच. पण उतार कुठे तोडला आहे, पाण्याच्या वाटा कुठे बुजल्या आहेत, यावर असा उतार टिकणार की नाही हे पुष्कळसे ठरते. नवे माळीण आमडे गावाजवळ बांधले गेले आणि २ एप्रिल २०१७ रोजी घरे लोकांच्या हाती आली. त्याच जूनमधल्या जोरदार पावसात नव्या वस्तीतले रस्ते खचले, भराव सुटले. घरे पक्की असूनही पाण्याने आपला रस्ता शोधलाच.

तेव्हा डोंगरउतारावर घर बांधणाऱ्यांनी एवढे पाहावेच. मागच्या उतारावर नव्या भेगा पडल्या आहेत का, झाडे किंवा विजेचे खांब तिरके झाले आहेत का, एरवी कोरडा असणारा झरा अचानक गढूळ वाहू लागला आहे का? यातले काही दिसले तर जागा बदला आणि तलाठ्याला, तहसील कार्यालयाला लेखी कळवा. भर पावसात असे दिसले तर कळवत बसू नका, आधी माणसे आणि जनावरे हलवा. जागा सपाट करण्यासाठी डोंगर उभा कापू नका. वरून येणाऱ्या पाण्याला घराच्या मागून चर काढून बाजूने वाट करून द्या. शेताच्या बांधाला जे करता तेच.

पूर्वेच्या काळ्या जमिनीत वेगळा धोका आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तिच्याबरोबर भिंतीही फाटतात. पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे, तिथे काटकसर नको.

मातीच्या घराबद्दल एक इशारा

जुने ते सारे सोने नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात (उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात) साडेसात हजारांहून अधिक माणसे मेली. पुष्कळांचा जीव भूकंपाने नव्हे तर घराने घेतला. जाड दगडी भिंती, पण दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत न गुंतलेले, मध्ये मातीचा आणि चिपांचा भर. वर माळवद, त्यावर दर वर्षी गळती थांबवण्यासाठी टाकलेला मातीचा नवा थर. ती घरे उन्हाळ्यात गार होती यात शंका नाही.

म्हणून दगड-मातीच्या भिंती घालायच्या तर त्या बेताच्या उंचीच्या ठेवा. दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावर सगळ्या भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा फिरवा आणि छप्पर हलके ठेवा. एवढे केले तर मातीची भिंतही भरवशाची होते.

विटांबद्दल शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या डोळ्यांनी विचार करावा. एक वीट साधारण तीन किलोची. हजार चौरस फुटांच्या घराला वीस हजार विटा धरल्या तर साठ टन माती झाली. दीड गुंठा रानाची फूटभर माती उचलली तेव्हा एवढी भरते! अशी एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे जातात आणि वीटभट्टीवाला ती एका दिवसात उचलतो. पैशांची नड म्हणून रानाची वरची माती विकणारे मी पाहिले आहेत. पुढची किती वर्षे त्या रानात शेणखत ओतावे लागते, तो खर्च व्यवहारात कोणी धरत नाही.

उपाय आहेत. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा आता सर्रास मिळतात. नाशिकजवळ एकलहऱ्याला असे केंद्र आहेच. त्यांना शेतातली माती लागत नाही, भट्टीही लागत नाही. दुसरे म्हणजे लाल मुरमाड मातीत शेकडा पाच ते आठ सिमेंट मिसळून यंत्राने दाबून केलेल्या कच्च्या विटा. त्या भाजायच्या नसतात, पाणी मारून मुरवायच्या असतात. काळी माती याला चालत नाही. तिसरा उपाय लॉरी बेकर या वास्तुतज्ज्ञांनी केरळात रुजवला. हे मूळचे इंग्लंडचे, १९४५ मध्ये भारतात आले आणि २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच गरिबांची घरे बांधत राहिले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊबही कमी येते. कोपरे, जोते आणि दारा-खिडक्यांच्या कडा मात्र भरीव घ्याव्या लागतात. गवंड्याला ही बांधणी येत नसेल तर आधी पाणंदीकडेच्या कुंपणाच्या भिंतीवर हात बसवू द्या.

सिमेंटविषयीही दोन शब्द. एक टन सिमेंट तयार होताना सहाशे ते आठशे किलो कर्बवायू हवेत जातो. जगात माणूस जेवढा कर्बवायू सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पाऊस अवेळी का पडतो, द्राक्षे ऐन फुलोऱ्यात का भिजतात, याची चर्चा आपण पारावर करतो, त्या गोष्टीशी याचा संबंध आहे. सिमेंट टाळा असे मी म्हणत नाही. जिथे लागते तिथे वापरा. शोभेच्या कमानी, सिंहाची तोंडे आणि गच्चीवरचा विमानाच्या आकाराचा पाण्याचा टाका यांवाचून कोणाचे अडत नाही.

छपरावरचे पाणी

लेण्याद्रीचा उल्लेख वर आलाच आहे. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. पोढी खोदून देणे हे मोठे दान समजले जाई. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. नाणेघाटात, शिवनेरीवर हीच व्यवस्था दिसते.

आता आपला हिशोब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावातही त्यावर वर्षाला सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडते. सांडलवंड वजा करून ४५ हजार धरा. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला ५० लिटर लागतात असे मानले, तर आठ कोरड्या महिन्यांना १२ हजार लिटर पुरतात. दहा फूट लांब, सात फूट रुंद, सहा फूट खोल टाकीत एवढे पाणी मावते. ही टाकी ओट्याखाली किंवा पडवीखाली घेतली तर जागाही जात नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी बाहेर सोडा, नळाच्या तोंडाला वाळू-खड्यांची गाळणी ठेवा, टाकीला झाकण घट्ट हवे आणि पाणी उकळून किंवा जंतुनाशक घालून प्या. एक ध्यानात ठेवा, ज्या छपरावरचे पाणी प्यायचे त्यावर फवारणीचे डबे, पोती, पंप ठेवायचे नाहीत.

पश्चिमेला पाऊस तिपटी-चौपटीने जास्त, आणि तरीही तिथल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन डोंगर उतरतात. तिथे तर ही टाकी घराच्या आधी बांधावी असे मी म्हणेन.

विजेचे गणित

कूलर दोनशे वॅटचा धरला आणि आठ तास चालला तर दिवसाला दीड युनिटाच्या वर जातो. दोन कूलर, तीन महिने, म्हणजे अडीच-तीनशे युनिटे. शिवाय महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे गेलो की दर जवळजवळ दुपटीवर चढतो, हे बिलाच्या मागे छापलेले असते, फक्त कोणी वाचत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा कमी विजेचा पंखा तीस वॅटच्या आसपास. पंखा बदलताना एवढे तरी पाहावे.

छपरावर सूर्यपॅनेल बसवण्यासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर' योजना आणली. तीत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले गेले. एका किलोवॅटपासून दिवसाला चारेक युनिटे मिळतात आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावली होते ती वेगळीच. अर्ज करण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी, कारण योजनेच्या अटी बदलत असतात. माझे मत विचाराल तर आधी छप्पर पांढरे करा, पंखे बदला आणि मग किती किलोवॅट लागतात ते मोजा. गळक्या पाटात पाणी वाढवून उपयोग नसतो. गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅसही चालतो, स्लरी शेताला जाते आणि सिलिंडर लांबतो.

घरकुल योजनेतल्या कुटुंबांना वाटेल, हे बागायतदारांचे चोचले आहेत. तसे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागाला एक लाख २० हजार आणि डोंगरी भागाला एक लाख ३० हजार रुपये मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांचे. एवढ्या लहान घरात दिशेची चूक जास्त भोवते, कारण पळून जायला दुसरी खोली नसते. समोरासमोर दोन खिडक्या, छताजवळ झरोके, पुढे दोन मेढी रोवून कौलांची छोटी पडवी, पत्र्याखाली वीतभर पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्यांची तक्तपोशी, यांतल्या कशालाही फार पैसा लागत नाही. चार भिंती घालून चार खुराडी करू नका. एक ऐसपैस खोली, एक स्वयंपाकाची जागा पुरे, पुढे मुलगा कमावता झाला की वाढवता येईल.

२०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी शेतावर राहायला येतात, आणि त्यांना हवी असते ती सारवलेली पडवी, कौलारू छप्पर, माजघरातला गारवा. त्यासाठी ते पैसे मोजतात. जुने घर पाडायच्या आधी त्याचे लाकूड आणि कौले शाबूत आहेत का, भिंतीला पट्टा फिरवून ते सावरता येते का, हे एकदा जाणत्याकडून तपासून घ्या.

आणि ज्यांची जागा ठरली आहे, पण फक्की अजून मारायची आहे, त्यांनी एक करावे. जागेच्या मधोमध चार हातांची काठी रोवा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता तिची सावली कुठे पडते तिथे खुंट्या ठोका. काठीच्या टोकाला चिंधी बांधा आणि आठवडाभर दुपारी व रात्री वारा कुठून येतो ते घरातल्या कोणाला तरी वहीत टिपायला सांगा. हे काम शाळकरी पोरगी उत्तम करते. ती वही घेऊन मग गवंड्याकडे किंवा अभियंत्याकडे जा, आणि नकाशावर पहिली रेघ तिने काढलेल्या दिशांवरून मारायला सांगा.